इतर हक्क



पाऊस सरला, दिवाळी झाली, की कोकणात एका विशिष्ट प्रकारचे पाहुणे दिसू लागतात. शनिवारी सकाळी मुंबई-पुण्याकडच्या गाड्या घाट उतरून येतात आणि खाडीच्या वळणावर थांबतात. मंडळी खाली उतरतात, कमरेवर हात ठेवून पाण्याकडे बघतात, एक लांब श्वास घेतात, आणि मग जवळच्या चहाच्या टपरीवर जाऊन विचारतात, ‘‘इथे गुंठ्याला काय भाव चाललाय हो?’’ या मंडळींना मी हसत नाही. २०२२ च्या डिसेंबरात मीही अशाच एका वळणावर उभा होतो. फरक इतकाच, की ते गाडीतून उतरतात आणि मी एसटीतून उतरलो होतो.

त्या घरखरेदीची हकिकत आज तुम्हाला सांगणार आहे. मी काही जमिनीच्या व्यवहारातला जाणकार नव्हे. बी.ए. झालो, एका पतपेढीत तीस वर्षं खाती लिहिली आणि उरलेल्या वेळात कविता लिहिल्या. पण या खरेदीत सातबाऱ्यावरच्या एका रकान्यानं मला जे शिकवलं, ते कोकणात घर घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगी पडावं असं वाटतं.

आमचं घराणं कोकणी मुसलमानांचं. वडिलांचं गाव मंडणगडच्या बाजूला, आईचं दाभोळच्या खाडीकाठी. वडिलांची नोकरी मुंबईत, त्यामुळे माझा जन्म कुर्ल्यातला. पण मे महिना मात्र आजोळचा. नानांचं घर जांभ्या चिऱ्याचं, वर मंगलोरी कौलं, पुढे ओटी, मागे परस, आणि परसाच्या टोकाला भरतीचं पाणी. हे घर माझ्या मामांनी १९८७ साली विकलं. एक मामा कुवेतला, दुसरे मुंब्र्याला. घर शाकारणार कोण, राखणार कोण? विकलं यात गैर काही नव्हतं. पण तेव्हापासून माझी गंमतच झाली. कुणी ‘गाव कुठलं?’ असं विचारलं, की मी ऐटीत कोकणातलं नाव सांगायचो, आणि त्या गावात रात्री पाठ टेकायला माझी हातभर जागा नव्हती.

मुलं मार्गाला लागली. मी मुदतीआधी निवृत्ती घेतली. माझ्या आणि पत्नीच्या भविष्यनिर्वाह निधीचे पैसे हातात आले, तेव्हा आम्ही ठरवलं, की खाडीकाठी एक लहानसं जुनं घर घ्यायचं. नानांचं घर आता राहिलेलं नाही, तिथं काँक्रीटचा बंगला उभा आहे. म्हणून पलीकडच्या तीरावर, दापोली तालुक्यात शोध सुरू केला.

दलाल भेटला. हसतमुख, तरतरीत. त्यानं आम्हाला एका दिवसात पाच घरं दाखवली, आणि प्रत्येक घरी आधी ओटीवर उभं करून म्हणाला, ‘‘इथून सूर्यास्त बघा साहेब.’’ पाचवं घर आम्हाला आवडलं. अकरा गुंठे जागा, चिऱ्याच्या भिंती, नारळ-पोफळीचं छोटं आगर, आणि खाली उतरत गेलं की खाडी. पाण्यावर एक होडी होती. पत्नी म्हणाली, ‘‘हेच.’’ मीही मनातून तेच म्हटलं होतं.

परतताना एसटी यायला वेळ होता. टपरीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनी चौकशी केली, कुणाचं घर बघितलंत, आवडलं का. मी हो म्हटलं. ते म्हणाले, ‘‘दिवाळीनंतर सगळीच घरं चांगली दिसतात. मे महिन्यात बघा, मग आषाढात बघा, आणि मग बोला.’’

आम्ही तो सल्ला मानला. २०२३ च्या मे महिन्यात पुन्हा गेलो. डिसेंबरात काठोकाठ वाटलेली विहीर तळाला गेली होती आणि उरलेलं पाणी मचूळ लागत होतं. श्रोते हो, शहरातल्या माणसाला हे कोडं वाटतं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणारा हा मुलूख, आणि उन्हाळ्यात इथल्या वाड्यांना टँकरची वाट का बघावी लागते? कारण जमीन उताराची आणि जांभा दगड सच्छिद्र. पावसाचं पाणी डोंगरावरून धावत सुटतं ते थेट समुद्रात. जे मुरतं तेही पाझरत खाली निघून जातं. खाडीकाठच्या विहिरीतलं गोडं पाणी आटलं, की खारं पाणी आत सरकतं. हे मी लहानपणी आजोळी बघितलेलं होतं. पण आठवणीत भरतीचं पाणी राहतं. घागर घेऊन चढणारी नानी राहत नाही.

मग जुलैत गेलो. पाऊस असा कोसळत होता, की ओटीवरून समोरची खाडीच दिसत नव्हती. वीज दोन दिवसांपासून नव्हती. माजघरात तीन भांडी ठेवलेली होती आणि तिन्हींत पाणी टपकत होतं. अर्ध्या छपरावर कौलं आणि अर्ध्यावर पत्रे. विचारलं, तर दलाल म्हणाला, ‘‘निसर्ग वादळात कौलं उडाली, म्हणून पत्रे घातले.’’ ३ जून २०२० रोजी ते चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं, तेव्हा दापोली-मंडणगडलाही त्यानं झोडपून काढलं होतं. उभी आगरं आडवी झाली होती. त्यामुळे पत्रे हे काही नवल नव्हतं. तरीही घर आम्हाला हवंच होतं. गळकं घर दुरुस्त होतं, असं आम्ही एकमेकांना सांगितलं आणि कागदपत्रं मागवली.

इथून खरी गोष्ट सुरू होते.

कोकणात घर बघायला डोळे पुरतात, घर घ्यायला मात्र सातबारा वाचावा लागतो. माझ्या ओळखीच्या एका वकिलांनी मला तो ओळीओळीनं वाचायला शिकवला. पहिली गोष्ट, आपण ती जमीन घेऊ शकतो का? १९४८ च्या कूळकायद्यानुसार शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. इतरांना त्यासाठी परवानगी लागते. माझ्याकडे वडिलांकडून आलेला दीड गुंठ्याचा हिस्सा आहे, तोही बत्तीस जणांत. त्यात एक शेळी बांधली तर तिला वळायला जागा होणार नाही. पण त्या हिश्शानं मी कायद्यात शेतकरी ठरलो. दुसरी गोष्ट, किनारा नियमन क्षेत्राची रेषा. १९९१ साली पहिली अधिसूचना आली, मग २०११ ची, आणि आताची २०१९ ची. समुद्रकिनाऱ्यावर भरतीरेषेपासून पाचशे मीटरपर्यंत हे निर्बंध असतात; खाडीकाठी पन्नास मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतलं जे कमी ते. म्हणजे जी जागा डोळ्याला सर्वांत सुंदर, तीच बांधायला सर्वांत अवघड. आमचं घर उंचावर होतं, रेषेबाहेर. खालचा खाडीलगतचा तुकडा रेषेत येत होता. त्याचा हिस्सा नंबर वेगळा, सातबाराही वेगळा.

मग आम्ही घराच्या सातबाऱ्यावरची नावं वाचू लागलो. डाव्या बाजूला चार नावं. ज्या आजोबांनी घर बांधलं, त्यांच्या दोन मुलांची ही मुलं. चौघेही मुंबईला. त्यांना घर विकायचं होतं. नावांखाली गोलात फेरफारांचे क्रमांक. आणि उजव्या बाजूला एक रकाना, ‘इतर हक्क’. एरवी या रकान्यात बँकेचा बोजा असतो, सोसायटीचं कर्ज असतं, कुळाचं नाव असतं, कुणाची विहिरीवरची वाट असते. इथं एका बाईचं नाव होतं.

‘‘या कोण?’’ मी दलालाला विचारलं.

‘‘यांची आत्या. खेडच्या बाजूला दिलेली. तिची काळजी नको. ऐंशीच्या पुढची आहे. हक्कसोड करून घेऊ. एक चांगली साडी आणि पाच हजार रुपये दिले की झालं. खुशीनं देईल.’’

वकील म्हणाले, ‘‘जरा थांबा.’’ त्यांनी जुने फेरफार काढले. घर आजोबांनी गिरणीच्या पगारातून स्वतः बांधलेलं, जमीनही त्यांनीच घेतलेली. म्हणजे स्वकष्टार्जित. ते १९७१ साली वारले, मृत्युपत्र न करता. बऱ्याच जणांची समजूत असते, की मुलींना हक्क मिळाला तो २००५ साली. ती दुरुस्ती वडिलोपार्जित एकत्र मिळकतीबद्दल होती. बापानं स्वतः कमावलेल्या आणि मृत्युपत्र न केलेल्या मिळकतीत हिंदू मुलीला मुलाइतकाच वाटा १९५६ च्या कायद्यानंच दिलेला आहे. दोन भाऊ, एक बहीण. त्यांच्या आईच्या पश्चात तिघांचे समान वाटे. म्हणजे ‘इतर हक्क’ या रकान्यातल्या बाईचा त्या घरात तिसरा हिस्सा होता. चौघा भाच्यांपैकी एकाचाही एकट्याचा तेवढा नव्हता.

‘‘मग हिला इकडच्या रकान्यात का टाकलं?’’ मी विचारलं.

‘‘रिवाज,’’ वकील म्हणाले. ‘‘बहिणीचं नाव पूर्वी असंच लावत.’’

त्या रात्री मला झोप आली नाही. कारण ‘खुशीनं देईल’ हे शब्द मी पूर्वी ऐकलेले होते.

१९८७ साली नानांचं घर विकलं, तेव्हा माझ्या आईनंही खुशीनंच दिलं होतं. आमच्यात तर मुलीचा वाटा कुराणातच सांगितलेला आहे, सूरह निसामध्ये. भावाच्या निम्मा. दोन भाऊ आणि एक बहीण, म्हणजे आईचा पाचवा हिस्सा. जुम्म्याला जाणाऱ्या प्रत्येक पुरुषाला हे ठाऊक असतं. पण माहेरात वाटा मागणारी बहीण आमच्याकडेही भावांना जड होते आणि तुमच्याकडेही. कायदा वेगळा, कागद एकच. मामा काही वाईट नव्हते. ईदला आम्हाला कपडे आणायचे. ते आईला म्हणाले, ‘‘तुझं येणं-जाणं राहीलच ना आमच्याकडे.’’ आई तालुक्याच्या कचेरीत गेली. मी बरोबर होतो. कॉलेजात नुकताच जाऊ लागलो होतो.

आई उर्दू शाळेत पाचवीपर्यंत शिकलेली. कुर्ल्याला आल्यावर माझ्या बालभारतीवरून तिनं मराठी अक्षरं गिरवली. माझ्या प्रगतिपुस्तकावर सही तिची असायची, मराठीत, प्रत्येक अक्षर सुटं सुटं. त्या दिवशी कचेरीत गर्दी होती. कारकुनानं कागदावर बोट ठेवलं, बुरख्यातल्या बाईकडे एकदा बघितलं, आणि तिचा हात धरून शाईच्या पॅडवर अंगठा टेकवला. आई काही बोलली नाही. मीही बोललो नाही. घर गेलं, त्याबद्दल ती पुढेही कधी बोलली नाही. पण कितीतरी वर्षांनी, भाजी निवडता निवडता मध्येच म्हणायची, ‘‘मला सही येत होती रे.’’

नानांचं घर ज्यानं घेतलं, तो माणूस मी कधी पाहिला नाही. मुंबईचा होता म्हणतात. त्यालाही खाडी आवडली असेल. आईचा अंगठा ही त्याच्या दृष्टीनं कागदातली एक अडचण, ती दूर झाली आणि व्यवहार पुरा झाला. त्याचा दोष काय? काहीच नाही. पण आता त्याच्या जागी मी उभा होतो, आणि माझ्यापुढे कुणाची तरी आई होती.

मी भाच्यांना कळवलं, की आत्याबाईंना विकणाऱ्यांमध्ये धरा. त्यांच्या हिश्शाचे पैसे वेगळे, त्यांच्याच नावानं दिले जातील. मगच मी घर घेईन. दलालानं कपाळावर हात मारला. थोरल्या भाच्याचा फोन आला. तो म्हणाला, ‘‘तुम्ही घर घ्यायला आलात की घर फोडायला?’’ या प्रश्नाला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर आजही नाही.

मग पत्नी आणि मी खेडजवळच्या त्यांच्या गावी गेलो. न सांगताच गेलो. आत्याबाई पडवीत बसून सुपात तांदूळ पाखडत होत्या. एका डोळ्यात मोतीबिंदू. आम्ही कोण, कशाला आलो, ते सांगितलं. त्या सूप खाली ठेवून म्हणाल्या, ‘‘विकणारे आले नाहीत, घेणारा आला!’’ मग चहा झाला. माझ्या पत्नीनं विचारलं, ‘‘आत्या, तुम्हाला काय हवंय?’’

‘‘पैसे,’’ त्या म्हणाल्या.

आम्ही दोघंही क्षणभर गप्प झालो. आम्हाला वाटलं होतं, त्या म्हणतील, मला काही नको, माहेरची आठवण पुरे. आम्हालाही ती म्हातारी तशीच हवी होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्या म्हणाल्या, ‘‘सगळे म्हणतात, आत्याला काय करायचेत पैसे? मला कुणी विचारलंच नाय. डोळ्याचं ऑपरेशन करायचंय, सुनेपुढे हात न पसरता करायचंय. आणि बापानं केलेलं आहे, चोरीचं नाय.’’

आणि मग त्या घराबद्दल बोलू लागल्या. श्रोते हो, आठ महिन्यांत त्या घराबद्दल मला विकणाऱ्यांनी, दलालानं, शेजाऱ्यांनी जे सांगितलं नव्हतं, ते या बाईनं अर्ध्या तासात सांगितलं.

‘‘माजघराचं आढं बघितलंस का? मधोमध तडकलंय. वर रंग मारलाय.’’ निसर्ग वादळानंतर, टाळेबंदीत भाचे मुंबईला अडकलेले असताना, घर बघायला त्या एकट्याच आल्या होत्या. रस्त्यावर झाडं पडलेली, गाडी नाही, शेवटचा टप्पा चालत. पत्रे घालायला त्यांनीच माणसं लावली होती, स्वतःच्या पाटल्या मोडून. तो हिशेब भाच्यांना कुणी दिला नव्हता आणि त्यांनी मागितलाही नव्हता.

‘‘उत्तरेची हद्द गडग्यापर्यंत सांगतील. गडगा बापानं पुढे सरकवलेला. आपलं रातांब्याच्या झाडापर्यंतच.’’ पुढे मी सरकारी मोजणी करून घेतली, तेव्हा हद्दीच्या खुणा बरोबर रातांब्यापाशी आल्या.

‘‘आणि विहिरीवर वरच्या वाडीतली चार घरं पाण्याला येतात. बापानं दिलेली वाट आहे. कागदावर नाय. ती बंद करू नको.’’

मी वहीत लिहून घेतलं. उठताना पत्नीनं त्यांना तिसऱ्या हिश्शाची रक्कम सांगितली. त्यांनी बोटांवर हिशेब केला, थोडा वेळ बाहेर बघितलं, आणि म्हणाल्या, ‘‘चौथा सांग. भाच्यांची तोंडं मला अजून बघायचीत.’’

त्यानंतरचे दिवस सोपे गेले नाहीत. भाच्यांनी पुण्याचं एक गिऱ्हाईक आणलं, ते आमच्यापेक्षा जास्त द्यायला तयार होतं. वाडीत माझ्या नावावरून थोडी कुजबुज झाली. ती झालीच नाही असं सांगितलं तर ते खोटं होईल. पत्नी एकदा वैतागून म्हणाली, ‘‘तुझ्या अम्मीचा हिशेब तू या घरात फेडतोयस. तो इथं फिटणार नाही.’’ तिचं खरं होतं. मी तिला म्हटलं, फिटणार नाही, पण निदान वाढायला नको. ती म्हणाली, बघ बाबा. पुण्याच्या गिऱ्हाइकाच्या वकिलांनी शोध अहवाल काढला, तेव्हा त्यांनीही आत्याबाईंची सही मागितली. त्यांना वाद नको होता. ते दुसरीकडे गेले. शेवटी भाचे कबूल झाले, चौथ्या हिश्शाला. पण रागानं त्यांनी एक गोष्ट केली. खालचा खाडीलगतचा तुकडा आधी घराबरोबरच द्यायचा ठरला होता. तो थोरल्या भावानं मागाहून घेतलेला, त्यात आत्याबाईंचा हक्क नव्हता. तो त्यांनी आम्हाला नाकारला आणि दुसऱ्यालाच विकला.

चौदा महिने लागले. २०२४ च्या ऑक्टोबरात आम्ही नोंदणीला गेलो.

खरेदीखताची भाषा तुम्ही कधी वाचली आहे का? विकणाऱ्याला ‘लिहून देणार’ म्हणतात आणि घेणाऱ्याला ‘लिहून घेणार’. हयातभर कविता करूनही एवढे साधे शब्द मला सुचले नव्हते. आमच्या खतात ‘लिहून देणार क्रमांक पाच’ म्हणून आत्याबाईंचं नाव होतं, आणि त्यांच्या नावाचा वेगळा धनाकर्ष खतात नमूद केलेला होता. हल्ली नोंदणीच्या वेळी सगळ्यांचाच अंगठा यंत्रावर घेतात. शिकलेला, न शिकलेला असा भेद त्यात राहिलेला नाही. आत्याबाईंची पाळी आली. समोरची मुलगी चांगली होती. तिनं यंत्र पुढे सरकवून म्हटलं, ‘‘आजी, अंगठा ठेवा.’’

आत्याबाई म्हणाल्या, ‘‘ठेवते. आधी सही करते.’’

चौथी शिकलेल्या होत्या. एका डोळ्यानं बघत, कागदावर जवळजवळ नाक टेकवून, त्यांनी सही केली. वेळ लागला. मागं रांग होती, कुणी काही बोललं नाही. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

नोंदणीनंतर फेरफार पडला. तलाठ्यांना हल्ली ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. पंधरा दिवसांची नोटीस लागली, हरकत आली नाही, नोंद मंजूर झाली. मी नवा सातबारा काढून आणला आणि आधी उजवीकडचा रकाना बघितला. तो कोरा होता. मग तहसील कार्यालयात विचारपूस करून वरच्या वाडीच्या विहिरीवरच्या वाटेची नोंद त्यात करण्यासाठी अर्ज दिला. आज मी आहे, उद्या माझी मुलं असतील. त्यांनाही कुणी तरी सूर्यास्त दाखवील.

आता आम्ही वर्षातले सहा-सात महिने तिथं राहतो. ज्या खाडीसाठी हे सगळं केलं, ती ओटीवरून नीट दिसत नाही. खालचा तुकडा ज्यांनी घेतला, त्यांना तिथं बांधता येत नाही, म्हणून त्यांनी सिमेंटचे खांब आणि उंच हिरवी जाळी लावली आहे. भरतीच्या वेळी पाण्याचा आवाज येतो, आणि पोफळींच्या वरून तांबूस उजेड दिसतो, त्यावरून सूर्यास्त झाला हे कळतं. सकाळी वरच्या वाडीतल्या बायका पाण्याला येतात. पहिले काही दिवस त्या खाली मान घालून जात. आता पत्नीशी भावाचं, भाजीचं बोलतात. धाकटा भाचा एकदा घर बघून गेला. थोरला अजून बोलत नाही. त्याच्या बाजूनं बघितलं, तर मी परका माणूस त्यांच्या घरात नसता कायदा घेऊन शिरलो. हे ओझं माझं आहे, आणि ते आहे तसंच राहील.

श्रोते हो, तुमच्यापैकी कुणी कोकणात घर घ्यायला निघाला असाल, तर जरूर घ्या. मे महिन्यात विहीर बघा, आषाढात छप्पर बघा, नकाशावर भरतीची रेषा बघा, मोजणी करून घ्या. आणि सातबारा हातात आला, की उजव्या बाजूचा रकाना वाचा. तिथं एखाद्या बाईचं नाव असेल, तर तिची सही कशी मिळेल हे दलालाला विचारण्याआधी तिला जाऊन भेटा. आणि तुम्ही विकणारे असाल, तर ती तुमचीच बहीण किंवा आत्या आहे. तिच्याकडे घेणारा पोचण्याआधी तुम्ही पोचा.

गेल्या मे महिन्यात आत्याबाई चार दिवस राहायला आल्या होत्या. डोळ्याचं ऑपरेशन झालंय, चांगलं दिसतंय. आल्या आल्या त्या माजघरात गेल्या, कमरेवर हात ठेवून वर बघितलं आणि विचारलं, ‘‘आढं कशाचं घातलंस?’’

‘‘ऐनाचं,’’ मी म्हटलं.

‘‘बरं केलंस,’’ त्या म्हणाल्या. ‘‘सागाला उगाच पैसे गेले असते.’’ आणि घागर उचलून विहिरीकडे गेल्या.



(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)